न चिकटणारा डिंक

चिंचोक्याची खळ घोंगडी विणणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीची. भिजवून, कुटून, शिजवून केलेली ही खळ लोकरीच्या ताण्याला चोपडली की धागा ताठ होतो आणि मागावर तुटत नाही. हाच चिंचोका केरळातल्या रबराच्या मुलखात निराळ्याच कामाला लावतात. रबराच्या झाडाला काप दिला की पांढरा चीक ठिबकतो. आपल्याकडे दोडामार्ग भागातल्या रबराच्या बागांतही तो पाहायला मिळतो. या चिकात रबर साधारण एक तृतीयांश, बाकीचे बहुतेक पाणीच. फुगे किंवा हातमोजे करायचे तर चीक आटीव लागतो. तो उकळून चालत नाही, कारण रबर गोठून बसते. मग अमोनिया घालून टिकवलेल्या चिकात चिंचोक्याच्या पिठाची शिजवलेली खळ थोडीशी मिसळतात, ढवळतात आणि टाकी काही दिवस तशीच ठेवून देतात. टाकीत दोन थर होतात. वर रबराची दाट साय, खाली पातळ पाणी. खालची तोटी सोडून पाणी काढून टाकले की उरलेल्या सायीत रबराचे प्रमाण 60 टक्क्यांच्या आसपास भरते.

खळीने नेमके केले काय? सुचणारे पहिले उत्तर म्हणजे खळ चिकट, तिने रबराचे कण एकमेकांना चिकटवले. उत्तर पटण्यासारखे आहे, पण सायीत पुन्हा पाणी घालून ढवळा. कण सुटे होतात, आधी होते तसेच पांढरे पातळ द्रावण परत मिळते. चिकात फॉर्मिक आम्ल घातले तर असे होत नाही. ते रबर एकदा गोठले की गोठले, मग वर कितीही पाणी ओता. 1925 साली इसिडोर ट्राउबे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने वनस्पती आणि समुद्रशैवालातले चिकट पदार्थ घालून चिकाची अशीच साय काढली होती. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर त्या दाट सायीतही रबराचे कण थरथरत, हलत होते. म्हणजे कोणी कोणाला घट्ट धरलेले नव्हते. ते फक्त जवळ आले होते.

रबराचा कण किती लहान हे पाहिले की या जवळ येण्याचे मोल कळते. बरेचसे कण एक मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही आतले. रबर पाण्यापेक्षा हलके, त्यामुळे ते वर येणार हे खरे. पण अर्ध्या मायक्रॉनचा एकटा कण गणिताने दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वर सरकतो, आणि भोवतीच्या पाण्याच्या रेणूंचे धक्के त्याला सारखे इकडेतिकडे ढकलत असतात. वर येण्याचा वेग मात्र आकाराच्या वर्गाने वाढतो. कण जमून दहापट रुंदीचा पुंजका झाला की वेग सुमारे शंभरपट. खळीला इतकेच साधायचे असते, कण थोडे जमले पाहिजेत.

असे बारीक कण द्रवात तरंगत राहिले की त्याला कलिल म्हणतात. दूध, रक्त, भिंतीचा रंग, शाई ही सगळी कलिले. शाईचे उदाहरण येथे मुद्दाम घेतो, कारण ते चिकाच्या बरोबर उलट आहे. पोथ्या लिहिण्याची जुनी काळी शाई काजळीत बाभळीचा डिंक खलून करत. नुसती काजळी पाण्यात घातली तर तिचे गोळे होतात. डिंक घातला की त्याचे लांब रेणू काजळीच्या कणांवर बसतात, त्यांचे शेंडे पाण्यात पसरतात आणि दोन कणांना एकमेकांजवळ येऊ देत नाहीत. डिंक कणाला चिकटला, म्हणून कण सुटे राहिले. चिंचोक्याच्या खळीतला लांब साखळीचा शर्करा-रेणू रबराच्या कणावर बसत नाही, तो पाण्यातच मोकळा राहतो. आणि कण जमतात ते त्यामुळेच. चिकटणारा डिंक दुरावा ठेवतो, न चिकटणारा जवळ आणतो! पहिल्यांदा हे वाचले की छपाईत काहीतरी उलटसुलट झाले असावे असेच वाटते.

याचे उत्तर मिळाले 1954 साली. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या शो आसाकुरा आणि फुमिओ ओओसावा या दोघांनी ‘जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स’ या नियतकालिकात एक छोटेखानी टिपण छापले. मोठ्या रेणूंच्या द्रावणात दोन वस्तू बुडवल्या तर त्यांच्यात काय घडेल, एवढाच प्रश्न होता. वस्तू एकमेकींना ओढत नाहीत. रेणू वस्तूंना ओढत नाहीत. रेणू आपापसातही ओढाताण करत नाहीत. कोणाचेच कोणाशी देणेघेणे नाही, असे धरून त्यांनी हिशेब मांडला आणि उत्तर आले की दोन्ही वस्तू एकमेकींकडे ओढल्या जातील.

पाण्यात विरघळलेली पॉलिमरची साखळी सरळ नसते. ती स्वतःभोवती वेटोळी घेत, क्षणाक्षणाला आकार बदलत असते. तिचा एक सैल, बहुतांश पाण्यानेच भरलेला गुंता होतो. हा गुंता भिंतीजवळ आला तर? तो चपटा होऊन भिंतीला खेटू शकतो, त्याला कोणी अडवलेले नाही. पण मोकळ्या पाण्यात त्याला जे असंख्य आकार घेता येतात त्यांतले निम्म्याहून अधिक भिंतीत घुसणारे असतात, म्हणून बाद. आकारांची एवढी सूट सोडून भिंतीला लगटून राहणे योगायोगाने क्वचितच घडते. परिणामी प्रत्येक कणाभोवती सुमारे गुंत्याच्या त्रिज्येइतका जाड असा एक पट्टा तयार होतो, जिथे गुंत्याचा मध्य सहसा सापडत नाही. त्या पट्ट्यात पाणी असते, पॉलिमर जवळपास नसतो.

मंगळागौरीच्या रात्रीची भरलेली खोली डोळ्यांपुढे आणा. हात धरून, मागे झुकून फुगडी घालणाऱ्या जोड्या आहेत आणि मध्येच दोन कपाटे उभी आहेत. गिरकी घेणाऱ्या जोडीचा मध्य कपाटापासून हातभर लांबच राहणार, नाहीतर पाठ आपटेल. म्हणजे प्रत्येक कपाटाभोवती हातभराची जमीन फुगडीच्या दृष्टीने वाया गेली. आता कपाटे एकमेकांना भिडवली तर दोघांच्या वाया गेलेल्या पट्ट्या एकमेकींवर येतात आणि तेवढी जमीन फुगडीला मोकळी होते. घरात हे काम एखादी शहाणी मावशी करते. पाण्यात मावशी नाही, पण कपाटांना चाके आहेत आणि फुगड्यांचे धक्के सगळीकडून बसत आहेत. दोन कपाटांमधली फट फुगडीच्या घेरापेक्षा अरुंद झाली की तिच्यात कुठलीच जोडी शिरू शकत नाही. मग बाहेरून धक्के, आतून काहीच नाही. कपाटे आपसूक मिटतात.

भौतिकशास्त्राच्या भाषेत, फटीतून पॉलिमर हद्दपार झाला म्हणून तिथला परासरण दाब कमी पडला आणि बाहेरच्या दाबाने कण ढकलले गेले. किंवा, कण जवळ आल्याने पॉलिमरला फिरायला जास्त जागा मिळाली, त्याची एन्ट्रॉपी वाढली. या दोन वाक्यांचा अर्थ एकच आहे. मला दुसरे अधिक भावते, कारण शाळेत एन्ट्रॉपी म्हणजे पसारा असे शिकवतात आणि येथे पसाराच कणांना नीट लावून ठेवतो. थोड्या मोठ्या कणांची शिस्त वाढली, पण असंख्य गुंत्यांची मोकळीक त्याहून जास्त वाढली. एकूण हिशेबात निसर्ग नफ्यातच.

हे बल किती मोठे? त्याचा हिशेब इतका सरळ निघेल असे वाटत नाही. एक मायक्रॉन व्यासाचे दोन कण घ्या आणि 100 नॅनोमीटर व्यासाचे पॉलिमरचे गुंते. गुंत्यांनी द्रवाची तीस टक्के जागा व्यापलेली आहे असे धरा. वजनात बघितले तर हा पॉलिमर लिटरभर पाण्यात ग्रॅमभरही नसेल, कारण गुंत्यात पाणीच जास्त. दोन कण एकमेकांना टेकले की त्यांचे दोन पट्टे भिंगाच्या आकाराच्या एका लहानशा जागेत एकमेकांवर येतात. एवढ्या घनफळाच्या मोकळ्या द्रवात सरासरी किती गुंते सापडतात? पाचही नाहीत, पाचाला थोडे कमी. तापमानामुळे प्रत्येक कणाच्या वाट्याला धडपडीची जी ऊर्जा येते तिला भौतिकशास्त्रज्ञ ‘केटी’ म्हणतात, आणि दोन कण सुटे करायला लागणारी ऊर्जा केटीच्या मापात बरोबर तेवढीच भरते. जितक्या गुंत्यांची जागा मोकळी झाली, तितके केटी. पाच गुंत्यांची जागा, पाच केटी. रासायनिक बंधापुढे हे काहीच नाही, पण डुगडुगणाऱ्या कणांना बराच वेळ एकत्र ठेवायला पुरेसे. पाणी ओतून पॉलिमर विरळ केला की पाचाचे दोन होतात, एक होतो, आणि कण आपापल्या वाटेने जातात. ट्राउबेच्या सायीतले कण का थरथरत होते तेही यात आले.

एवढे देखणे टिपण, पण जवळपास वीस वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. आसाकुरा आणि ओओसावा दोघेही पुढे जीवभौतिकीकडे वळले. ओओसावा स्नायूंतल्या ॲक्टिन या प्रथिनाचे धागे कसे बनतात यात रमले, आसाकुरा जीवाणूंच्या शेपट्यांत. 1976 मध्ये नेदरलँड्सच्या उट्रेख्टमध्ये आगिनस व्रेई यांनी हाच हिशेब स्वतंत्रपणे, कलिलांच्या अंगाने मांडला आणि मग गाडी रुळाला लागली. या उपेक्षेचे मला फारसे नवल वाटत नाही. आकर्षण म्हटले की त्याला कोणीतरी ओढणारा हवा, ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे.

पुढची गंमत अशी की आकर्षणाची ताकद आणि पल्ला दोन्ही आता माणसाच्या हातात आले. पॉलिमर किती घातला यावर ताकद, त्याची साखळी किती लांब यावर पल्ला. अणूंच्या बाबतीत अशी मुभा नसते. आर्गॉनचे दोन अणू एकमेकांना किती ओढतात ते बदलता येत नाही. कलिलात येते. एडिंबरामध्ये विल्सन पून, पीटर प्युसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात प्लॅस्टिकचे बारीक कण आणि पॉलिस्टायरीन यांची मिश्रणे करून दाखवली. गुंते कणांच्या मानाने पुरेसे मोठे घेतले तर कणांचा विरळ ‘वायू’, दाट ‘द्रव’ आणि रांगेत लागलेला स्फटिक, तिन्ही एकाच कुपीत. गुंते फार लहान घेतले तर मधला द्रव नाहीसा होतो, वायूचा थेट स्फटिक. पदार्थाला द्रवावस्था का असते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. या कुप्यांनी उत्तर दिले की आकर्षणाचा पल्ला पुरेसा लांब असेल तरच असते.

2004 मध्ये डर्क आर्ट्स, मथियास श्मिट आणि हेंक लेकरकेरकर यांनी अशाच कलिल-द्रवाचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. साध्या पाण्याचा पृष्ठभागही रेणूंच्या धडपडीमुळे सतत शहारत असतो, पण त्या लाटा इतक्या बारीक की डोळ्यांनी दिसणे अशक्य. या कलिलाचा पृष्ठताण पाण्याच्या जवळजवळ दहा लाख पटींनी कमी. त्यामुळे लाटा मायक्रॉनच्या घरात गेल्या, संथ झाल्या आणि पडद्यावर हलताना स्पष्ट दिसल्या. उष्णतेने उठणारी लहर प्रत्यक्ष बघायला मिळावी, याहून मोठी चैन कोणती! कलिल आणि पॉलिमरची मिश्रणे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातही नेली गेली. जमिनीवर दाट भाग तळाशी बसतो आणि खेळ लवकर संपतो; तिथे बसायला तळ नाही, म्हणून अंतराळवीर त्या कुप्यांचे दिवसेंदिवस फोटो काढत राहिले.

मोकळी होणारी जागा आकारावर ठरते, हा आणखी एक पैलू. दोन गोलांपेक्षा दोन सपाट चकत्या भिडल्या तर कितीतरी जास्त पट्टा वाचतो. 2010 साली न्यूयॉर्कमध्ये स्तेफानो साकान्ना, डेव्हिड पाइन आणि सहकाऱ्यांनी एका बाजूला खळगा असलेले गोल कण तयार केले आणि त्या खळग्यात नेमके बसतील असे दुसरे गोल. पॉलिमर घातल्यावर गोल खळग्यात जाऊन बसले, कारण जास्तीत जास्त जागा तिथेच वाचत होती. कोणताही रासायनिक हूक नाही, तरी जोडीदार अचूक सापडला. फ्रान्समध्ये जेरोम बिबेत यांनी 1991 मध्ये याच बलाने तेलाचे थेंब आकारानुसार निवडून काढले. मोठ्या थेंबांना बल जास्त जाणवते, ते आधी जमतात आणि वेगळे होतात. उरलेल्यांवर पुन्हा तीच क्रिया. चाळण न वापरता चाळले.

स्वयंपाकघरात मात्र हेच बल उपद्रवी ठरते. सॅलडवर घालायचे तेल-पाण्याचे ड्रेसिंग दाट व्हावे म्हणून त्यात झॅन्थन गम घालतात. चिमूटभर घातला तर उलटाच परिणाम होतो. तेलाचे थेंब जमून भराभर वर येतात आणि बाटलीत खाली पाण्याचा थर दिसू लागतो. मात्रा आणखी वाढवली की गाडी पुन्हा रुळावर, कारण आता जमलेल्या थेंबांचे जाळे आणि घट्ट झालेले पाणी मिळून कोणालाच हलू देत नाहीत. बल नाहीसे झालेले नाही, फक्त त्याचे हात बांधले गेले. आइस्क्रीमच्या मिश्रणातही तेच. गवारीच्या बियांचा गम दुधातल्या केसीनच्या कणांवर बसत नाही, म्हणून ते कण एकीकडे आणि गम दुसरीकडे असे दोन थर पडू लागतात. ते रोखायला किंचित कॅरागीनन घालतात. हा समुद्रशैवालातला पदार्थ केसीनला धरतो. गोठवलेल्या डब्यावरच्या घटकांच्या यादीत दोन-दोन गम का असतात याचे एक कारण हे.

आता रक्त. वृद्ध माणसाच्या फाइलमध्ये ईएसआरचा एखादा तरी कागद असतोच. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट मिसळून एका उभ्या नळीत भरतात आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजतात. शरीरात कुठे सूज किंवा संसर्ग असेल तर आकडा चढतो. स्वीडनचे रॉबिन फोरेउस 1918 च्या सुमारास गरोदर स्त्रियांचे रक्त तपासत असताना त्यांना हा फरक ठळकपणे दिसला, आणि लवकरच आल्फ वेस्टरग्रेन यांनी त्या नळीला आजचे रूप दिले. पेशी लवकर बसतात कारण त्यांच्या चवडी लागतात, चपटी बाजू चपट्या बाजूला लावून. सुजेच्या काळात प्लाझ्मात फायब्रिनोजेन हे लांबट प्रथिन वाढते आणि चवडी लांबतात. घोड्याच्या रक्तात त्या इतक्या सहज लागतात की पेशी बघता बघता तळाला जातात. गाईच्या रक्तात जवळपास लागतच नाहीत.

या चवडी कोण लावते? एक पक्ष म्हणतो, प्रथिनाचा रेणू एका टोकाने या पेशीला आणि दुसऱ्याने त्या पेशीला धरून पूल बांधतो. दुसरा पक्ष म्हणतो, पूल वगैरे काही नाही, चपट्या पेशी भिडल्या की वाचणारी जागा भरपूर, हे आसाकुरा-ओओसावांचेच काम. भांडण सोडवण्यासाठी फायब्रिनोजेनऐवजी डेक्स्ट्रान हा साधा पॉलिमर घेतला गेला, कारण त्यानेही चवडी लागतात. मग बर्लिनच्या संशोधकांनी एक चतुर मोजमाप केले. लाल पेशीवर ऋण भार असतो, म्हणून विजेच्या क्षेत्रात ती सरकते. डेक्स्ट्रानने द्रव दाट केला तर ती त्याच प्रमाणात मंदावायला हवी. ती मंदावली, पण अपेक्षेपेक्षा बरीच कमी. द्रव दाट, तरी पेशीच्या कातडीलगत काहीतरी पातळ होते. तिथे पॉलिमर कमी होता. पूल बांधणारा रेणू पेशीवर जमा झालेला असता तर तिथला द्रव उलट घट्ट व्हायला हवा होता.

डेक्स्ट्रानपुरता निकाल त्यामुळे बराचसा दुसऱ्या पक्षाच्या बाजूने झुकला. फायब्रिनोजेनचे प्रकरण अजून लांबले आहे. अतिसूक्ष्म सुईने एकेक पेशी चाचपणाऱ्या प्रयोगांत हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागाला पकडतानाही आढळले आहे, तेव्हा नळीतल्या चवडीत थोडे पूल आणि थोडी ढकलाढकल अशी वाटणी असणे अगदी शक्य आहे.